धोंड्यातलं इंजिन

मी बीडला स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासमध्ये बुद्धिमत्ता चाचणी हा विषय शिकवतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढची हकीकत ऐकून 'हा माणूस पोटापाण्याला करतो तरी काय' असं कुणीतरी विचारणारच, आणि तेव्हा सांगायला मला जास्त लाज वाटेल.

जीप सासऱ्यांची. म्हणजे आता माझी. तीन वर्षांमागच्या धोंड्याच्या महिन्यात आम्ही तिन्ही जावई सहकुटुंब चकलांब्याला जेवायला गेलो होतो. पुरणाचे धोंडे झाले, विडे झाले आणि सासूबाईंनी, तुळजाबाईंनी, एकेकाच्या हातात ताट दिलं. थोरल्या साडूंना चांदीचं निरांजन, मधल्यांना अंगठी. माझ्या ताटात जीपची चावी. धाकट्या जावयाला फोर बाय फोर! माझे डोळे भरून आले. साडूंचे चेहरे उतरलेले पाहून आणखी भरून आले. इंजिन जाम आहे, हे विडा चघळून झाल्यावर कळलं.

सासरे अर्जुनराव म्हणजे गावचे माजी सरपंच. सगळ्या निवडणुका त्यांनी ह्याच जीपमधून लढवल्या, जिंकल्या तेव्हाही ती होती आणि पडले तेव्हाही. गावाबाहेर माळावर त्यांची विहीर आणि विहिरीवर चिंच आहे. तिकडे दगडगोट्यांतून दुसरी गाडी चढत नाही आणि मोटारसायकलवर कुणाच्या तरी मागे बसून जाणं त्यांना शोभत नाही. ताटातल्या चावीकडे बघत ते म्हणाले,

"जावईबापू, वस्तू तुमची झाली. आता तिला हात लावायचा आमाला अधिकार न्हाई. पर एक करा. पुढच्या धोंड्याला हिच्यातच बसून या. मला एकडाव सोता चालवत माळावर जायचंय."

पंगतीला अर्धं गाव होतं. मी छाती पुढे काढून 'हो' म्हणालो. साडूंकडे एकदा बघूनही घेतलं. माणसाला दुर्बुद्धी होते ती अशी भरल्या पोटी होते.

जीप टेम्पोत घालून बीडला आणली आणि गल्लीत लावली. त्यानंतर तीन वर्षं दर रविवारी सासऱ्यांचा फोन. रामराम नाही, तब्येत नाही. "काय म्हनतंय इंजिन?" एवढंच. इंजिन काही म्हणत नव्हतं. गल्लीतल्या बायका मात्र खूश होत्या. उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे असं सगळं वाळवण जीपच्या बॉनेटवर आणि टपावर वाळू लागलं. समोरच्या कौशल्याबाईंचा बॉनेटवर ठरलेला हक्क झाला होता. मी इंजिनाचा विषय काढला की त्या म्हणायच्या, "करा बापा, पर डिझेलचं नगं. कुरडयांना वास लागतो."

आता बजेट. बजेट म्हणजे सत्यशीलाची, माझ्या पत्नीची, भिशी. आकडा सांगत नाही. तो सांगितला की इंजिनवाले आधी चहा मागवायचे आणि मग हळूच जुन्या स्कूटरचा विषय काढायचे.

सत्यशीलाही भिशी काढून द्यायला का कू करत होती. "राहू द्या ना. एसटीनं जाऊ. बाबा काय म्हणणार आहेत तुम्हाला?" मेव्हणा तानाजी माजलगावला असतो, उसाच्या गाड्यांचा धंदा करतो, त्याला फोन केला तर तो म्हणाला, "दाजी, कावून जिवाला घोर लावून घेता? भंगारात घाला बरं." माझ्यावर कुणाचाच विश्वास नाही, असं मला वाटलं. विश्वास होता. कसला होता ते पुढे येईलच.

शेजारचे राधाकिशनकाका मात्र माझ्या बाजूनं ठाम उभे राहिले. काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म त्यांनी ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत काढला आणि इंजिनाशी त्यांचा संबंध घंटीच्या दोरीपुरता. पण तीस वर्षं इंजिनाच्या आवाजात तिकिटं फाडल्यामुळं आपल्याला इंजिन कळतं, अशी त्यांची खात्री आहे. "सर, इंजिनाचा आवाज ऐकायचा. बाकी समदं झूट," असं म्हणून ते मला मोंढ्यामागच्या एका भंगारवाल्याकडे घेऊन गेले. तिथं जमिनीवर पडलेल्या एका थंडगार इंजिनाला त्यांनी कान लावला, डोळे मिटले आणि मान डोलावली.

"घ्या. लई गुणी हाय."

"काका, पण हे चालू कुठंय?"

"चालू झाल्यावर कुनीबी सांगंल," काका म्हणाले.

मी ते घेतलं नाही. काका चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी दुसऱ्या इंजिनाची बातमी घेऊन आले.

शेवटी मी माझ्या शास्त्राकडे वळलो. क्लासमधल्या फळ्यावर तक्ता आखला. एक, जीपचं मूळ पेट्रोल इंजिन बोअर करून पुन्हा चालू करणं: स्वस्त, पण पेट्रोल इतकं पितं की गेवराईपर्यंत जाईस्तोवर भिशी संपेल. दोन, मालवाहू तीनचाकीचं इंजिन: बॉनेटखाली ते इतकं लहान दिसेल की शेजारी डबा ठेवता येईल, पण माळ चढणार नाही. तीन, काळीपिवळी जीपचं डिझेल इंजिन: ताकद, वजन, मापं सगळं बरोबर, फक्त किमतीच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना. मुलांनी तक्ता वहीत उतरवून घेतला. एका मुलीनं हात वर करून विचारलं, "सर, हा प्रश्न कितव्या साली आला होता?" मी फळा पुसला.

चौथा पर्याय फळ्यावर नव्हता, तो आमच्या मिस्त्रीचा, उत्तरेश्वरचा. बार्शी नाक्याजवळ त्याचं गॅरेज आहे. त्याचा स्वभाव असा की तुम्ही काहीही विचारा, उत्तर तयार. "सर, हिरीवरचं इंजिन बसवू. माळ काय, भिंत चढंल. फक्त हँडल मारून चालू करायचं अन् पान्याची टाकी मांडीवर घ्यायची." टाकी कुणाच्या मांडीवर, असं मी विचारलं. "वैनीच्या," तो म्हणाला.

मग परवानगी. इंजिन बदलायचं तर परिवहनच्या कचेरीतून आधी मंजुरी घ्यावी लागते. खिडकीतल्या साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं आणि म्हणाले, "कोणतं इंजिन बसवणार?"

"ते ठरायचंय."

"ठरलं की या. इंजिन नंबर, ज्या गाडीचं आहे तिचे कागद, मालकाची सही."

मी उत्तरेश्वरकडे गेलो. तो म्हणाला, "आधी मंजुरी आना. न्हाईतर इंजिन घेऊन ठिवायचं कुठं?" मी परत कचेरीत. साहेबांनी पुन्हा पाणी विचारलं. त्यांची चूक एकाही जागी नव्हती, हेच मला सहन होत नव्हतं. मी दहा वर्षं मुलांना शिकवतोय की 'क हा ख च्या आधी येतो आणि ख हा क च्या आधी येतो, तर पहिला कोण' ह्याचं उत्तर 'माहिती अपुरी' असं लिहायचं. आता तो ख मीच झालो होतो.

असं करता करता अधिक महिना लागला. रविवारी फोन आला. "जावईबापू, धोंडा लागला," एवढं बोलून सासऱ्यांनी फोन ठेवला. मला रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी भिशी खिशात घालून मी गॅरेजवर गेलो. काळीपिवळीचं इंजिन, हप्त्यानं का होईना, घ्यायचंच ठरवलं होतं. उत्तरेश्वरनं दोन्ही हात कानाला लावले.

"धोंड्यात न्हाई बसवायचं, सर."

"का?"

"आता तुमाला काय सांगावं, तुमी शिकलेले. धोंड्यात लगीन न्हाई, वास्तू न्हाई, नवी वस्तू न्हाई. म्हैना सरू द्या, लगेच बसवतो."

मी त्याला समजावून सांगितलं की महिना सरल्यावर बसवून उपयोग नाही, कारण धोंड्याचं जेवण धोंड्यातच असतं. ज्या महिन्यात जीप घेऊन जायचं, त्याच महिन्यात इंजिन बसवायचं नाही, असला पेच माझ्या सगळ्या जुन्या प्रश्नपत्रिकांत सापडला नसता. मग म्हणालो की अरे, इंजिन जुनं आहे, दहा वर्षं वापरलेलं आहे, नवं कुठं आहे? तो म्हणाला, "तुमाला नवंच की." मी टायरच्या ढिगावर बसून राहिलो. मला अगदी रडू आलं असतं, पण तिथं गिऱ्हाईक होतं.

माझी दशा बघून त्यानंच घरी फोन लावला. त्याची आई भिवराबाई ह्या विषयातल्या जाणकार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे कुणाला तरी म्हशीला पाणी दाखवायला सांगितलं आणि निकाल दिला: घरातली वस्तू घरात फिरली तर ती नवी होत नाही. आपल्याच सोयऱ्याचं जुनं इंजिन असलं तर खुशाल बसवा.

घरातलं इंजिन! आणि मला एकदम आठवलं. तानाजीची जुनी काळीपिवळी! माजलगावला त्याच्या गोठ्यामागे ती वर्षानुवर्षं उभी आहे. तीन वर्षं मी मोंढ्यात भंगार उपसतोय आणि हा पठ्ठ्या फोनवर 'भंगारात घाला' म्हणतोय, 'माझं घ्या' म्हणत नाही. मला त्याचा रागच आला. न सांगताच जायचं ठरवलं.

नशिबानं, म्हणजे तेव्हा मी त्याला नशीब समजत होतो, तानाजी घरी नव्हता. ऊसतोडीच्या टोळ्यांचा हिशेब मिटवायला बाहेरगावी गेलेला. त्याची बायको संगीता दारात आली. लग्न होऊन दोनच वर्षं झालेली, पोर मोकळ्या मनाची. मी चाचरत इंजिनाचं काढलं तर ती म्हणाली, "न्या की, दाजी. त्यात कोंबड्या बसत्यात. अंडी काढाया मलाच वाकावं लागतंय." पैशाचं विचारलं तर तिनं कानाला हात लावला. धोंड्यात जावयाकडून पैसे घ्यायचे का, म्हणाली. त्यात गाडी लग्नानंतर तिच्याच नावावर केलेली निघाली. उभ्या उभ्या तिनं कागदावर सह्या केल्या, वर अंड्यांची पिशवी दिली.

कचेरीतही काम बिनबोभाट झालं. साहेबांनी मंजुरीचा कागद हातात ठेवला आणि म्हणाले, "पाहा, ठरलं की होतं." उत्तरेश्वरनं इंजिनातलं गवत आणि पिसं काढली, दोन्ही बाजूंनी पट्ट्या वेल्ड करून ते बसवलं, नारळ मात्र फोडला नाही, धोंडा आहे म्हणून. आणि जीप चालू झाली. पहिल्या प्रयत्नात नाही, पण झाली. धूर इतका आला की कौशल्याबाईंनी कुरडयांसकट घर गाठलं. राधाकिशनकाका डोळे मिटून आवाज ऐकत होते. "म्या म्हनलं होतं," ते म्हणाले. काय म्हणाले होते कुणास ठाऊक.

मला काय वाटलं ते सांगतो. माझ्या हातून आजवर कुठलीच वस्तू दुरुस्त झालेली नाही. घरचा मिक्सर मी उघडला तो अजून उघडाच आहे. आणि आता माझ्यामुळं एक अख्खी जीप धडधडत होती. मी सत्यशीलाकडे पाहिलं. तिनं तोंडावर पदर धरला होता. मला वाटलं, धुरामुळं.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. ब्रेक जरा उशिरा लागत होता. उत्तरेश्वरला गॅरेजमधून निघतानाच विचारलं होतं. तो म्हणाला, "दोन-तीनदा दाबायचा, सर. जुन्या गाडीला मान द्यावा लागतो." मी मान देत देत गेवराई गाठली. तिथं चौकात एक रिक्षावाला मला काहीतरी बोलला, पण इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही. वाटेत सत्यशीलाचं एकच चालू होतं, "अहो, परत फिरू या का?" मी म्हणालो, तुला बापाचा आनंद बघवत नाही का.

चकलांब्याला वेशीपासून पोरं मागे लागली. वाडीवस्तीवरची माणसं रस्त्यावर आली. अर्जुनराव दारातच उभे होते, पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, डोक्याला फेटा. जणू उद्या मतदान आहे. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवला. ते तापलेलं होतं, तरी काढला नाही.

"वस्तू तुमची हाय, जावईबापू," ते म्हणाले. "तुमी म्हनला तरच."

मी किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली. म्हणालो, तुमचीच समजा. त्या क्षणी मी माझ्यावर इतका खूश होतो की पुढचं वाक्य बोलायचंच राहून गेलं. ब्रेकचं.

कारण तेवढ्यात मला आत बोलावलं. आमच्याकडं धोंड्याला जावयाचे पाय धुतात. दोन्ही साडूंचे धुऊन झाले होते. मला पाटावर बसवलं, पाय पितळेच्या परातीत घेतले. सासूबाई खाली बसून पाणी घालत होत्या. आम्ही आलो तेव्हाचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता, तेव्हा त्या मागच्या चुलीपाशी होत्या. बाहेर जीप चालू झाली. त्यांचा हात थांबला.

"टॅक्टर हाय का कुनाचा?"

"नाही, आपली जीप," मी हसून म्हणालो. "मामंजी माळावर निघालेत."

त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. आणि माझे दोन्ही घोटे असे घट्ट धरले की मला उठता येईना.

"तुमी चालू केली?"

"हो."

"तुमी?"

ह्या दुसऱ्या 'तुमी'मध्ये जे होतं ते मला अजून झोपू देत नाही. सासूबाई परातीशेजारी मांडी घालून बसल्या आणि पाण्याच्या तांब्याकडे बघत बोलू लागल्या.

"डोळ्याचं आपरेशन झाल्यापून ह्यांना बांध अन् रस्ता येकच दिसतोय. मारुतीच्या पारावर घातली होती जीप. बसलेली मान्सं उठून पळाली म्हनून वाचली. डाक्टरचं ऐकंनात, तान्याचं ऐकंनात. मग म्याच तान्याला म्हनलं, तेल काढून चालव अन् इंजिन जाम करून टाक. पर ह्यांनी दुसरं बसवलं असतं. म्हनून जावयाला दिली. जावयाला दिलेल्या वस्तूला हात लावता येत न्हाई."

"पण मलाच का?" मी विचारलं. खरं तर तेव्हाच गप्प बसायला हवं होतं.

"थोरले वर्कशापात हायत. मधल्यांचे दोन टॅक्टर हायत. त्यांला दिली असती तर आठ दिवसांत चालू केली असती." त्यांनी माझ्या पायावर पाणी घातलं. "तुमच्याव भरोसा होता, जावईबापू."

मी दारात उभ्या सत्यशीलाकडे पाहिलं. ती म्हणाली, "आईनं शपथ घातली होती." आणि मग, अगदी मनापासून, "मला वाटलंच नव्हतं तुमच्याच्यानं होईल." तीन वर्षं मी ज्याला अविश्वास समजत होतो, तो सगळ्या घराचा माझ्यावरचा गाढ विश्वास होता, आणि मी त्याचा घात केला होता.

"ब्रेक दोन-तीनदा दाबावा लागतो," मी म्हणालो.

"आन हे आता कुनाला सांगताय?" सासूबाई म्हणाल्या.

माणसं माळाकडे पळाली. मला पळता येईना, पाय ओले होते आणि पुसल्याशिवाय परातीतून पाय काढणं अशुभ असतं, असं सासूबाई रागातही म्हणाल्या. पुरणाचा वास घरभर होता. म्हाताऱ्याला काही झालं तर ते माझ्या हुशारीमुळं, ह्या एका विचारानं मी पाटावर बसल्या जागी घामानं भिजलो. देवाला म्हणालो, एवढ्या बारीला मला पुन्हा नालायक कर.

बऱ्याच वेळानं अंगणात गलका झाला. अर्जुनराव चालत आले. फेटा गेलेला, एका पायात जोडा, केसांत आणि मिशांत कडबा. मागून अर्धं गाव. त्यांचं तोंड इतकं फुललेलं होतं की सासूबाईंना रागवायचंही सुचेना. त्या नुसत्या त्यांच्या अंगावरचा कडबा वेचू लागल्या.

"गेलतो माळावर," ते म्हणाले. "चिंच हाय तशीच हाय. उतरताना जरा घाई झाली. गंजी आपलीच होती, लोकाची न्हाई."

"आणि इंजिन?" मी विचारलं. माझ्या तोंडून हे कसं निघालं, मला माहीत नाही.

"इंजिन लई नंबरी हाय, जावईबापू." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पर ते आता जीपमधी न्हाई. गंजीच्या अलीकडं पडलंय."

मग जेवणं झाली. धोंडे गार झाले होते, मी खाल्ले आणि खाता खाता इंजिन कसं मिळालं ते सगळं कबूल केलं. विडे झाले आणि सासूबाई ताट घेऊन आल्या. थोरल्यांना चांदीची वाटी, मधल्यांना पेला. माझ्या ताटात पुन्हा तीच चावी, हळदकुंकू लावून.

"ठिवा," त्या म्हणाल्या. "अन् ह्या बारीला कुनाला इचारू नका. भिवराबाईला न्हाई, संगीताला न्हाई. तुमच्या मनानंच करा."

साडूंनी पान चावता चावता माझ्याकडे पाहिलं. मी चावी उचलली. अर्जुनराव तक्क्याला टेकून बसले होते, कानामागे अजून एक काडी होती. सासूबाई आत गेल्या तसे ते जरा पुढे झुकले.

"पुढचा धोंडा कवा हाय, जावईबापू?"

"तीन वर्षांनी."

त्यांनी बोटं मोजली, स्वतःच्या वयाशी कसलासा मेळ घातला आणि मान हलवली.

"मंग हाय येळ," ते म्हणाले. "बिरेकबी बगून घ्या."

मी सत्यशीलाकडे पाहिलं. ती बापाकडे बघत होती. मी चावी खिशात टाकली. पुढच्या रविवारी फोन येणार, हे मला माहीत होतं.